थोरलीला कोणी फुकट बोलावत नाही

गादीच्या दुकानाच्या उद्घाटनाला धाकटी वाजवायला गेली, त्या दिवसापासून थोरलीची झोप उडाली. यात गादीचा काही दोष नव्हता.

दोघी सख्ख्या जावा. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खालच्या. दोघीही अकॉर्डियन वाजवायच्या. एका इमारतीत दोन अकॉर्डियन असणं हा योगायोग नव्हे, आणि शेजारीही त्याला योगायोग म्हणत नसत, दुसरं काहीतरी म्हणत. थोरलीनं लहानपणापासून क्लासमध्ये बोटं झिजवली होती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा हे वाद्य कुठून अडकवायचं हेही तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं ते पाठीला लावलं आणि पट्ट्या सापडत नाहीत म्हणून तक्रार केली. थोरलीनंच तिला शिकवलं, स्वतःचं जुनं वाद्य देऊन. हे वाक्य थोरली कुठल्याही बोलण्यात बसवू शकायची. बेसिनचा नळ गळतोय असा विषय निघाला तरी थोड्या वेळानं "मीच शिकवलं तिला" येऊन ठेपायचं.

फरक एवढाच, की थोरली पैसे घेऊन वाजवायची आणि धाकटी फुकट.

थोरली दर शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या हॉटेलात, जेवणाऱ्यांसाठी, कोपऱ्यातल्या कुंडीशेजारी बसून वाजवायची. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं, तरी एकदा एका बाईनं त्याला आपल्या ग्लासातलं पाणी घातलं होतं. थोरलीला आजवर तिथं कोणी पाणी विचारलं नव्हतं. पण महिन्याच्या शेवटी पाकीट मिळायचं, आणि ते घेऊन घरी येताना तिची मान इतकी ताठ असायची की नवऱ्याला काळजी वाटायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. काहीही ताठ दिसलं की त्याला आत काहीतरी अडकलंय असं वाटायचं.

धाकटी कुठंही वाजवायची. जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, जिथं मांजरं मालकांच्या मांडीवर बसून ऐकायची. नव्या पार्किंगच्या उद्घाटनाला, जिथं गाड्या ऐकायच्या. इमारतीचा पाण्याचा पंप बदलला तेव्हा पंपासमोर. "ताई, पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल," असं कोणी म्हणालं की धाकटी विचारायची, "किती वाजता येऊ?" गादीच्या दुकानात तर तिनं स्प्रिंगच्या गादीवर बसूनच वाजवलं. ताल चढत गेला तशी ती वर-खाली व्हायला लागली, शेवटी-शेवटी तर सम हवेतच गाठायला लागली. कोणीतरी त्याचं शूटिंग केलं आणि ते सगळीकडे गेलं. रस्त्यावरची माणसं तिला थांबवू लागली. बँकेतली बाई तिला रांगेतून पुढं घेऊ लागली. केस कापणारीनं तिचा फोटो भिंतीला लावला. थोरली त्याच बाईकडे गेली तेव्हा तिला नेमकी त्या फोटोखालची खुर्ची मिळाली, आणि केस कापणारी आरशातून म्हणाली, "यांच्यासारखे कापू?"

तसं थोरलीलाही पूर्वी लोक फुकट बोलवायचे. त्यांच्यासाठी तिनं एक भाषण बसवलं होतं. "आपण आठवण ठेवलीत, आनंद वाटला. पण वाजवणं हा माझा छंद नव्हे, धंदा आहे. प्रसिद्धी म्हणाल, तर ती मी किराणा दुकानात देऊन पाहिली. दुकानदार म्हणाला, सुट्टे द्या." इथं ती थांबायची. समोरचा हसावं की नाही या पेचात असतानाच ती दुसरा भाग सुरू करायची. त्यात पाठदुखी, भात्याची दुरुस्ती आणि माणसाची लाज हे विषय यायचे. ते इतकं घोटलेलं होतं की ती झोपेतही म्हणायची, आणि नवरा योग्य जागी कूस बदलायचा.

भाषण चांगलं होतं हेच चुकलं. ऐकलेल्यानं ते दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि थोरलीला फुकट बोलावणं लोकांनी बंद केलं. म्हणजे ती जिंकली होती. पण नाही म्हणायलासुद्धा आधी कोणीतरी विचारावं लागतं. धाकटीला रोज कोणीतरी विचारत होतं आणि ती बावळट प्रत्येकाला हो म्हणत होती. इतके सुंदर नकार असे वाया जाताना बघून थोरलीच्या पोटात दुखायचं.

एकदा तर ती मुद्दाम, पाठीवर अकॉर्डियन घेऊन, नव्यानं उघडणाऱ्या चष्म्याच्या दुकानासमोरून गेली. मग परत आली. मग पुन्हा गेली. शेवटी दुकानदार बाहेर आला.

"ताई, तुम्ही त्या अकॉर्डियनवाल्या का?"

"हो," थोरली म्हणाली, आणि तिनं घसा साफ केला.

"गादीवाल्या?"

"नाही. ती माझी धाकटी जाऊ. मीच शिकवलं तिला."

"अरे वा. त्यांचा नंबर मिळेल?"

थोरलीनं नंबर दिला, एक आकडा चुकवून. उद्घाटनाला धाकटी तिथं वाजवत होतीच. तो चुकीचा नंबर तिच्याच एका चाहत्याचा निघाला.

हे सगळं थोरलीनं कसंबसं गिळलं असतं. पण मग भिंगरी बोलली.

भिंगरी म्हणजे थोरलीची मुलगी. स्केटिंगच्या क्लासला जायची म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. प्रत्यक्षात ती भिरभिरायची कमी आणि आपटायची जास्त. क्लासचं वार्षिक प्रात्यक्षिक जवळ आलं होतं. आदल्या वर्षी तिथं रेकॉर्ड लावली होती. पोरं पडली, रेकॉर्ड काही थांबेना. गाणं संपलं तेव्हा अर्धा वर्ग जमिनीवर बसलेला होता आणि पालक उभं राहून टाळ्या वाजवत होते. म्हणून यंदा सरांनी ठरवलं होतं की वाजवणारं माणूसच आणायचं. पोर पडलं की थांबेल आणि उठलं की पुढं सुरू करेल असं.

"काकू वाजवणार आहे," भिंगरीनं जेवताना सांगितलं.

थोरलीचा चमचा सूपमध्येच राहिला. "कुठली काकू?"

"मला एकच काकू आहे."

हे खरं होतं, आणि थोरलीला तीही जास्तच वाटत आली होती.

"आणि घरात तुझी स्वतःची आई वाजवते, ते?"

"शनिवारी तुझं हॉटेल असतं ना."

"हॉटेल असतं म्हणून विचारायचंही नाही? परक्या माणसालासुद्धा एकदा विचारतात."

भिंगरीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी सूपकडे पाहिलं. सूपकडे इतकं बघण्यासारखं काही नव्हतं, ते थोरलीनंच केलं होतं.

त्या क्षणी थोरलीला जे झालं त्याला जळफळाट म्हणणं म्हणजे आगीला जरा गरम आहे म्हणण्यासारखं होतं. गादी गेली, बँक गेली, भिंतीवरचा फोटो गेला, तिला चाललं होतं. पण मुलगी तिच्या पोटची होती. तिच्या प्रात्यक्षिकात बसून तिच्यासाठी वाजवणारं माणूस दुसरं असणार होतं, आणि तेही थोरलीच्याच जुन्या वाद्यावर. तिला काहीही करून त्या खुर्चीत बसायचं होतं. आणि आपण होऊन "मी फुकट वाजवते" असं म्हणणं तिला शक्य नव्हतं. तोंड तसं उघडतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खाली उतरली. धाकटी स्वयंपाकघरात इस्त्री करत होती.

"शनिवारी माझ्या बदली हॉटेलात वाजवशील का?" थोरलीनं विचारलं. वाजवणाऱ्यांत रीत अशी, की ज्याला जमत नाही त्यानं स्वतःच बदली माणूस शोधून द्यायचा, आणि मूळ माणसाला जे मिळणार असेल तेच बदलीला, त्याच दिवशी रोख, मिळायचं.

"मी? अहो वहिनी, तिथं तर पैसे देतात."

"देतात."

"नको बाई. मला भीती वाटते." धाकटीनं इस्त्री उभी केली. "फुकट वाजवताना चुकलं तर ती चूकही फुकटच असते. पैसे घेतल्यावर चुकलं की ती त्यांनी विकत घेतलेली चूक. परत करायला आले तर मी काय करू?"

थोरलीनं या बाजूनं कधी विचार केला नव्हता आणि करायची इच्छाही नव्हती.

"आणि शनिवारी भिंगरीचं प्रात्यक्षिक आहे ना. पण तुम्हाला हॉटेलात का जमत नाही?"

हा प्रश्न येईल हे थोरलीच्या लक्षातच आलं नव्हतं. "पाठ," ती म्हणाली.

"दुखतेय?"

"शनिवारी दुखेल."

धाकटीनं समजूतदारपणे मान हलवली. ती कोणावरही विश्वास ठेवायची. थोरलीला तिचा हा गुणही सहन होत नसे.

"तू काय जन्मभर फुकट वाजवणार?" थोरलीनं दुसरीकडून सुरुवात केली. "तू तिकडे गाड्यांपुढं फुकट वाजवतेस, आणि इकडे हॉटेलचा मॅनेजर उद्या मला म्हणतो, माणसांपुढं वाजवायला पैसे कशाला."

"असं म्हणाला?"

"तोंडानं नाही म्हणाला. भुवईनं म्हणाला."

"पण वहिनी, फुकट वाजवलं की लोक खूश होतात हो. मला घरी सोडायला येतात. गादीवाल्यानं तर उशी दिली. तुमच्या हॉटेलात कोण खूश होतं?"

हे वर्मी लागलं. थोरलीनं इस्त्रीच्या कपड्यांतला एक शर्ट उचलला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग तिनं तो शब्द काढला, जो तिनं आयुष्यात स्वतःहून कधी वापरला नव्हता.

"तिथं मोठमोठी माणसं जेवायला येतात. बघतील तुला. प्रसिद्धी मिळेल."

धाकटीचे डोळे चमकले. "किती वाजता जाऊ?"

"पण पैसे घ्यायचे," थोरली म्हणाली. "त्यांनी पाकीट काढलं की हात पुढं करायचा. लाजायचं नाही."

धाकटीनं हात पुढं करून दाखवला. तो टाळी मागितल्यासारखा दिसत होता, पण सरावानं सुधारला असता.

थोरली वर गेली आणि वाट बघू लागली. आता प्रात्यक्षिकाला धाकटी नाही, म्हणजे बदली माणूस शोधायचं काम धाकटीचं. आणि वरच्या मजल्यावर अकॉर्डियन वाजवणारी बाई आयती बसलेली. धाकटी येणार, विचारणार, आणि थोरली जरा आढेवेढे घेऊन हो म्हणणार. अडचण एवढीच, की हो कसं म्हणतात हे तिला आठवेना. तिनं आरशासमोर सराव केला. "बरं" म्हणून पाहिलं, ते धमकीसारखं आलं. "येईन की" म्हणून पाहिलं, ते खोटं वाटलं. शेवटी "हं" वर काम भागवायचं ठरलं.

शनिवार उजाडला, धाकटी काही आली नाही. थोरलीनं तिला जिन्यात गाठलं.

"प्रात्यक्षिकाचं काय केलंस?"

"झालं की सगळं ठरवून. जनावरांचे डॉक्टर येतायत. माउथ ऑर्गन वाजवतात ते. किती दिवस मागे लागले होते, मलाही कुठं संधी द्या म्हणून."

थोरलीनं जिन्याचा कठडा धरला. "मला नाही विचारलंस?"

"तुम्हाला?" धाकटी खरोखर गोंधळली. "वहिनी, फुकट आहे ते. तुम्हाला विचारायची कोणाची हिंमत आहे? गादीवाला आधी तुमच्याकडेच आला होता, त्याला तुम्ही जे ऐकवलंत त्यानं तो अजून झोपेतून दचकून उठतो. आणि त्याच्याकडे एवढ्या चांगल्या गाद्या." मग तिनं काळजीनं विचारलं, "पाठ दुखायला लागली का?"

"लागली," थोरली म्हणाली, आणि ते आता खोटं नव्हतं.

वर भिंगरी पलंगाच्या कडेला बसून स्केट्सच्या नाड्या बांधत होती. थोरली तिच्यासमोर उभी राहिली.

"तुझ्या डॉक्टरकाकांना स्केटिंगमधलं काय कळतं?"

"काकूलाही नाही कळत. पण ती बघते."

"आणि मी? मला एकदा, फक्त एकदा विचारलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?"

भिंगरीनं नाडी सोडली. "आई, मी तुलाच आधी विचारलं होतं."

"कधी?"

"तू अकॉर्डियनच्या पट्ट्या पुसत होतीस. मी म्हटलं, आमच्या प्रात्यक्षिकाला वाजवशील का. तू वर न बघता म्हणालीस, आपण आठवण ठेवलीत, आनंद वाटला."

थोरली पलंगावर बसली. "मग?"

"मग किराणा दुकानाचं म्हणालीस."

"पुढंही म्हणाले?"

"सगळं म्हणालीस. पाठदुखी, भाता, लाज. मी शेवटी टाळ्या वाजवल्या. बाबांनी सांगितलं होतं, टाळ्या वाजवल्या की तू थांबतेस."

दारात नवरा उभा होता. त्याच्या हातात पाना होता. घरातल्या अवघड प्रसंगी तो नेहमी पाना घेऊन यायचा.

"मी तुला सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तू इतकी छान बोललीस त्या दिवशी."

जिच्यावर इतके दिवस थोरली जळत होती ती बाई खाली आरशासमोर हात पुढं करायचा सराव करत होती, आणि चूक भलत्याच मजल्यावर झाली होती. याचा अर्थ जळफळाट थांबायला हवा होता. तो थांबला नाही. उलट आता त्याला जायला जागाच उरली नाही, म्हणून तो जास्त झाला.

"मग आता विचार," ती म्हणाली.

"आता कसं विचारू? डॉक्टरकाकांनी एका मांजराचं ऑपरेशन पुढं ढकललंय."

संध्याकाळी थोरली पाठीवर अकॉर्डियन घेऊन क्लासच्या हॉलवर पोचली. लांबलचक हॉल, गुळगुळीत फरशी, भिंतीला खुर्च्यांची रांग. सर गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना रांगेत उभं करत होते आणि पोरं रांगेतून घरंगळत होती. वाजवणाऱ्याच्या खुर्चीत डॉक्टर आधीच येऊन बसले होते. गोल चेहरा, इस्त्रीचा कोट, खिशात माउथ ऑर्गन आणि त्याच खिशात एक थर्मामीटर.

"सर, मी हिची आई," थोरली म्हणाली. "मी वाजवते."

"पण डॉक्टर वाजवतायत," सर म्हणाले. "फुकट. तुम्ही किती घेता?"

थोरलीनं तोंड उघडलं. भाषण जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिनं ते दातांनी अडवलं. "फुकट," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की सरांनी पुन्हा विचारलं, आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं फुकटचं काम असं हातचं घालवायला ते तयार नव्हते. "मी फुकट वाजवीन आणि मुलांना पाणी पाजीन," ते म्हणाले.

"मी फुकट वाजवीन, पाणी पाजीन आणि नंतर खुर्च्या आवरीन."

"मी खुर्च्या आवरून घरी पोचवीन."

"खुर्च्या इथल्याच आहेत, डॉक्टर," सर म्हणाले.

"मी वर्षभर हॉल पुसून देईन," थोरली म्हणाली. मागे नवरा हळूच खोकला. घरची फरशी तो पुसायचा.

"मी तुमच्या कुत्र्याला सगळी इंजेक्शनं फुकट देईन," डॉक्टर सरांना म्हणाले.

"माझ्याकडे कुत्रा नाही."

"मग कुत्राही देईन."

सर विचारात पडले. त्यांना कुत्रा हवा होता हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण माणूस न्यायी होता. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि सांगितलं, की दोघांनी एकेक फेरी वाजवून दाखवायची.

आधी डॉक्टर. ते वाजवायचे बरे. पोरं वळणावर आली, त्यातलं एक पडलं, आणि डॉक्टर वाजवायचं सोडून धावले. गुडघ्यावर बसून त्यांनी पोराचा पाय दाबून पाहिला, दुसरा पाय दाबून पाहिला, मग आणखी पाय शोधत असल्यासारखे जरा घुटमळले आणि त्याला तोंड उघडायला लावलं. तेवढ्यात मागून येणारी सगळी पोरं, सूर नाही आणि थांबायचं कुठं ते कळत नाही म्हणून, त्या दोघांवर येऊन आदळली. डॉक्टरांनी ओळीनं सगळ्यांचीच तोंडं तपासली. पोरांचे दात चांगले होते, पण ती प्रात्यक्षिकाची गोष्ट नव्हती.

मग थोरली. ती खुर्चीत बसली, पट्टे खांद्यावर घेतले, डोळे मिटले आणि वाजवायला लागली. काय वाजवलं. एक सूर हलला नाही, लय केसभर सरकली नाही. शेवटची लांबलचक तान तिनं अशी सोडली की स्वतःच्याच अंगावर काटा आला. डोळे उघडले तर अख्खा वर्ग जमिनीवर बसलेला होता.

"ताई, ते पहिल्या कडव्यालाच पडले," सर म्हणाले.

"मला कोणी सांगितलं नाही."

"बघायचं असतं."

थोरली डोळे मिटूनच वाजवायची. हॉटेलात उघडे ठेवले की एवढंच दिसायचं, की कोणी बघत नाहीये. मिटले की निदान तशी शक्यता तरी शिल्लक राहायची. वर्षानुवर्षांची सवय होती ती. पण हे सरांना सांगण्यासारखं नव्हतं, आणि डॉक्टरांना तर मुळीच नाही. डॉक्टर पुन्हा खुर्चीकडे सरकत होते. थोरलीनं पट्टे खांद्यावरून उतरवायला घेतले.

तेवढ्यात भिंगरी घसरत आली. थांबता येत नसल्यामुळे तिनं सरळ अकॉर्डियनलाच मिठी मारली आणि त्यातून एक मोठा, बेसूर हुंकार निघाला.

"आई," ती म्हणाली, "तू वाजव. पण डोळे उघडून. माझ्या पायांकडे बघ, मी पडले की थांब."

सगळे थोरलीकडे बघत होते. नवऱ्यानं सवयीनं टाळ्या वाजवायला हात वर केले होते.

"हं," थोरली म्हणाली.

प्रात्यक्षिक सुरू झालं. पहिल्या फेरीला तिला वाटलं आपण मरणार. डोळे उघडे ठेवून वाजवणं म्हणजे भर रस्त्यात अंघोळ करण्यासारखं होतं. पोरं पडायची, ती थांबायची; उठायची, ती सुरू करायची. गाणं फाटक्या सदऱ्यासारखं ठिकठिकाणी उसवत होतं आणि ती ते भर सभेत टाचत होती. हॉटेलात असं वाजवलं असतं तर तिनं स्वतःलाच काढून टाकलं असतं. पण खुर्च्यांवरची माणसं एकदा पोरांकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होती, पोर पडलं की सगळ्यांचे डोळे आधी तिच्याकडे वळत होते, ही आता काय करते म्हणून. डॉक्टर पहिल्या रांगेत पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या शेजारी सर. कुत्र्याच्या रंगाबद्दल काहीतरी कुजबुज चालली होती.

दोन फेऱ्यांच्या मधे कोणीतरी थोरलीच्या खांद्याला हात लावला. धाकटी होती. नटलेली, अकॉर्डियन पाठीवर, चेहरा पडलेला. हॉटेल जवळच होतं आणि तिथं मधे बरीच मोठी सुट्टी असायची.

"वहिनी, तिथं कोणी बघतच नाही हो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी एवढं वाजवलं. एकानं मला बोलावलं, मला वाटलं फर्माईश आहे. म्हणाला, सूप गार आहे."

"पैसे घेतलेस?"

"घेतले. हात पुढं केला, मॅनेजरनं आधी टाळी दिली, मग पाकीट." धाकटीनं डोळे टिपले. "फुकट वाजवलं की लोक निदान उपकार म्हणून तरी बघतात. पैसे दिले की बघायचं नसतं का? तुम्ही इतकी वर्षं हे कसं केलंत?"

थोरलीनं काहीतरी सांत्वनाचं बोलायला हवं होतं. पण हे असं कोणी तिला कधी विचारलंच नव्हतं. "सवय होते," ती म्हणाली, आणि मग न राहवून, "इथं फार बघतात."

"दिसतंय," धाकटी म्हणाली. तिनं हॉलभर नजर फिरवली. खुर्च्या, माणसं, पोरं, आणि मधे थोरली. तिच्या नजरेत काहीतरी जळकं उमटलं. थोरलीनं तसं काही आजवर फक्त आरशात पाहिलं होतं, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ते इतकं शोभून दिसेल असं तिला वाटलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला धाकटी आवडली.

शेवटची फेरी भिंगरीची, एकटीची. ती मधोमध आली, हात पसरले, आणि थोरलीनं सुरुवात केली. डोळे पायांवर. पाय जरा लटपटले की लय जरा सैल, पाय सावरले की लय पुन्हा घट्ट. भिंगरीनं एक गिरकी घेतली, खरीखुरी, आणि दुसऱ्या गिरकीला धपकन खाली बसली.

थोरली थांबली. पण पूर्ण नाही. तिनं एकच सूर धरून ठेवला. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. भिंगरी फरशीवर बसून तिच्याकडे बघत होती आणि तो सूर सोडला तर पोर तिथंच राहील असं थोरलीला वाटलं.

भिंगरी काही उठेना. तिनं आईकडे पाहिलं. आई आपल्याकडेच बघतेय याची खात्री करून घेतली. मग सावकाश एका बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. अकॉर्डियनचा भाता उघडत उघडत थोरलीचा हात पुरता लांब गेला, तिथून तिनं तो सूर न मोडता परत वळवला आणि मिटत आणला. हॉलमध्ये बाकी आवाज नव्हता. सरांनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि खाली ठेवली. डॉक्टर अर्धे उठले, नवऱ्यानं त्यांना खाली बसवलं.

"सोडा आता, वहिनी," धाकटी मागून कुजबुजली. तिला सुट्टी संपायच्या आत हॉटेलात परतायचं होतं, पण ती जात नव्हती. "हात भरून येईल. सोडा, मी धरते तोवर." तिनं खरंच आपलं वाद्य पाठीवरून पुढं घेतलं.

"हात लावून बघ," थोरली ओठ न हलवता म्हणाली.

भिंगरीनं केसांचा रबर काढला, दातांत धरला, केस नीट गोळा केले. थोरलीनं भाता पुन्हा उघडायला घेतला.